डब्यातले उंदीर आणि पिवळी चौकट

मी एक जुनी पिवळी चौकट आहे. हे वाचून तुम्ही भिंतीकडे पाहाल, तर मित्रांनो, मी तिथे सापडणार नाही. मला खिळा लागत नाही, काच लागत नाही आणि माझ्यात कुणाचा फोटोही बसवत नाहीत. मी ब्राउझरच्या कोपऱ्यात राहते. ब्राउझर तुमच्या ओळखीचा आहे. तुम्ही रोज त्याच्यातूनच इंटरनेटवर फिरायला जाता. सायकलला आपण जशी घंटी, दिवा किंवा कॅरिअर जोडतो, तशी ब्राउझरलाही लोक गरजेप्रमाणे छोटी छोटी साधने जोडतात. त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. मी तसेच एक एक्स्टेन्शन आहे आणि माझा जन्म पुण्यात झाला.

माझे काम समजून घ्यायचे असेल तर एक प्रयोग करून पाहा. संगणकासमोर बसा, माऊस दूर ठेवा आणि कीबोर्डवरची टॅब ही कळ दाबा. आता तुम्ही समोरच्या पानावर एका जागी उभे आहात. पुन्हा दाबलीत की पुढच्या जागी गेलात. असे पाऊल पाऊल करत सगळे पान फिरता येते. पण आपण नेमके कुठे उभे आहोत, हे दिसते का? पुष्कळदा दिसत नाही. ब्राउझर बिचारा त्या जागेभोवती एक बारीक रेघ काढतो, पण वेबसाइट बनवणाऱ्यांना ती रेघ कुरूप वाटते आणि ते ती पुसून टाकतात. ती पुसलेली रेघ मी परत काढते, चांगली ठळक, झेंडूच्या फुलासारखी पिवळी. शिवाय तिच्या डोक्यावर एक लहानशी पाटी लावते. पुण्यात जन्मले म्हटल्यावर पाटी आलीच. त्या पाटीवर मी त्या जागेचे नाव लिहिते. जागेला नावच नसेल, तर पाटी कोरी राहते आणि मी लाल होते.

एवढेच माझे काम. ते कुणाला का हवे होते, हे सांगण्यासाठी मला माझ्या जन्माच्या थोडे मागे जावे लागेल.

शनिवार पेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांचे एक दुकान होते आणि त्याच्या वरच्या मजल्यावर दत्तप्रसाद रानडे यांची वेबसाइट बनवणारी छोटी कंपनी होती. त्या वर्षांत हिंजवडीकडे काचेच्या उंच इमारती उभ्या राहत होत्या, सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या ओळीने तिकडे जात. आमच्या कंपनीकडे बस नव्हती आणि लिफ्टही नव्हती. जिन्याला दोर बांधलेला होता, तो धरून वर यायचे. दत्तप्रसादसर कमी बोलत, पण जे बोलत ते लोकांच्या लक्षात राही. एकदा एका गृहस्थांनी फोनवर विचारले की आमची साइट कधी होणार. सर म्हणाले, "झाली की कळवतो. नाही झाली तर तुम्हालाच आधी कळेल."

तिथे नम्रता गजभिये काम करत असे. ती भंडाऱ्याहून शिकायला पुण्यात आली आणि इथेच राहिली. वारज्याला तिघी मैत्रिणींनी मिळून एक घर घेतले होते. बोलणे एरवी पुस्तकासारखे नेटके, पण राग आला की तिचे गाव जिभेवर येई आणि ती म्हणे, "काय करून राहिले हे लोक!" मग सगळे समजत की आज तिच्या वाटेला जायचे नाही. वेबसाइट बनवण्यात मात्र तिचा हात कुणी धरू शकत नसे.

पावसाळा संपता संपता कंपनीत अक्षता कोंढरे आली. ती कात्रजहून बसने येत असे. तिला जन्मापासून दिसत नव्हते. तिच्या संगणकावर एक प्रोग्रॅम होता, तो पडद्यावर जे असेल ते तिला कानात वाचून दाखवी. माऊस तिला उपयोगाचा नव्हता. ती टॅब दाबत पानभर फिरे आणि ऐके. तयार झालेल्या साइट तपासायला सरांनी तिला घेतले होते. पण कायमची नोकरी अजून दिली नव्हती. "दिवाळीपर्यंत पाहू," एवढेच ते म्हणाले होते.

तिच्यापुढे पहिलीच साइट आली ती नम्रताने केलेली, एका संगीत विद्यालयाची. दिसायला फार देखणी होती. वर तंबोऱ्याचे चित्र आणि त्याखाली सुंदर वळणदार अक्षरांत तीन बटणे: प्रवेश, वेळापत्रक, संपर्क. अक्षताने सगळे पान ऐकले आणि म्हणाली की यातले कोणते बटण कशाचे आहे ते कळत नाही. नम्रता चकित झाली. तिने सांगितले की बटणांवर स्वच्छ लिहिले आहे.

"लिहिलं असेल, ताई," अक्षता म्हणाली. "पण मला ते फक्त बटण, बटण, बटण असं सांगतंय."

मित्रांनो, चूक साधी होती. ती वळणदार अक्षरे म्हणजे खरे तर चित्रे होती. डोळ्यांना ती अक्षरे वाटत, पण वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला त्यात काहीच वाचता येत नव्हते. चित्राच्या मागे त्याचे नाव लिहून ठेवायचे असते, ते कुणी लिहिले नव्हते. एखाद्याच्या दारावर रंगीत नक्षी काढावी आणि आत कोण राहते ते लिहायला विसरावे, तसे झाले होते. आज हे सांगायला सोपे आहे. तेव्हा मात्र सगळ्यांना वाटले की अक्षताचा प्रोग्रॅमच बिघडला असेल.

वाद सरांपर्यंत गेला. सर म्हणाले, "कोंढरेबाई, तुम्ही म्हणता नाव नाही, हे बाकीचे म्हणतात, आहे. मी कुणाचं ऐकू?"

अक्षताने आपला हेडफोन काढला आणि पुढे केला. "माझं नका ऐकू. मला काय ऐकू येतं ते ऐका."

सरांनी ऐकले, नम्रतानेही ऐकले. पण रोजच्या सवयीने अक्षता इतक्या वेगाने ऐकत असे की बाकीच्यांना ते पिठाच्या गिरणीसारखे वाटे. दोघांनाही एक शब्द लागला नाही. हेडफोन परत तिच्या हातात आला. असे दोन-चार साइटच्या बाबतीत झाले. अक्षता दोष सांगे, इतरांना तो दिसत नसे आणि विषय तिथेच थांबे. दिवाळी जवळ येत होती. न दिसणारे दोष सांगणाऱ्या माणसाला कोण किती दिवस कामावर ठेवणार, हे अक्षताला सांगावे लागत नव्हते. घरी तिने आईला आधीच सांगून ठेवले होते की दिवाळीनंतर सकाळी लवकर डबा करण्याची गरज नसेल.

नम्रताच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. एका रविवारी दुपारी ती वारज्याच्या घराच्या गॅलरीत संगणक घेऊन बसली. वर मैत्रिणींचे कपडे वाळत होते आणि त्यांचे पाणी अधूनमधून तिच्या मानेवर पडत होते. तिच्या डोक्यात एकच विचार होता. अक्षताच्या कानांना जे कळते ते आपल्या डोळ्यांना कळायला हवे. ब्राउझर तेव्हा मोठ्या मनाचा होता. कुणीही साधन बनवून त्याला जोडावे, आणि त्या साधनाने मनाला येईल त्या पानात शिरावे. नम्रताने दुपारभर लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. उन्हे उतरायच्या सुमारास तिने एक पान उघडून टॅब दाबली आणि मी पहिल्यांदा डोळे उघडले. जन्मतःच मी पिवळी होते. नंतर तिने संगीत विद्यालयाची साइट उघडली आणि मी लाल झाले. पुढे गेले, तिथेही लाल. आणखी पुढे, तिथेही. तीन बटणे, तीन कोऱ्या पाट्या.

नम्रताने पहिल्या बटणापासून पुन्हा टॅब दाबत तपासले, तरी तेच.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली ती सरळ अक्षताच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "अक्षता, तिन्ही बटणांना नाव नाही."

"तेच तर मी सांगत होते."

"हो. आज मला दिसलं."

अक्षता हसली. म्हणाली, "चला, एकीला तरी दिसायला लागलं." नम्रताला आधी हसावे की नाही ते कळेना, मग तीही हसली. दत्तप्रसादसरांनी माझी लाल चौकट पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. त्या दिवसानंतर दिवाळीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. अक्षता कायमची झाली. दिवाळीनंतरही तिच्या आईला सकाळी डबा करावा लागला.

त्याच दिवाळीत ऑफिसात कुणीतरी बाकरवडीचा मोठा पत्र्याचा डबा आणला होता. तो रिकामा झाल्यावर सरांनी एक नवी रीत घातली. कुठलीही साइट जगासाठी उघडायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापले माऊस काढून त्या डब्यात टाकायचे. माऊसला ते उंदीर म्हणत. "उंदीर कोंडा," असा हुकूम सुटला की शेपट्यांसकट सगळे उंदीर डब्यात जात आणि झाकण लागे. मग प्रत्येकाने टॅब दाबत, माझा हात धरून, आपली साइट इकडून तिकडे चालून दाखवायची. जिथे मी लाल होईन तिथे थांबायचे आणि दुरुस्ती करायची. सगळीकडे मी पिवळी राहिले की मगच उंदीर सुटत. पहिल्या पहिल्यांदा लोक कुरकुरले. नंतर त्यांना त्यात मजा वाटू लागली. नवा माणूस आला की त्याला काही न सांगता डबा पुढे करत आणि त्याचा चेहरा पाहत.

ती माझ्या भराची वर्षे होती. नम्रताने मला जगासाठी मोकळे केले. कुणीही यावे, मला फुकट घ्यावे आणि आपल्या ब्राउझरला जोडावे. मी पुण्यातून निघाले आणि कुठे कुठे पोहोचले. ब्राझीलमधल्या एका शिक्षकाने लिहिले की तो आपल्या वर्गात मुलांना शिकवताना मला वापरतो. पोलंडमधल्या एका बँकेतल्या माणसाने आभार मानले. सोलापूरच्या एका कॉलेजमधल्या मुलांनी माझ्यावर भित्तिपत्रक केले. कुणी तक्रारही केली. एकाने मराठीत लिहिले होते, "रंग भडक आहे. काम चोख आहे. रंग बदलू नये." दत्तप्रसादसर म्हणाले, हा माणूस पेठेतलाच असणार. खरे सांगते मित्रांनो, मला फार अभिमान वाटे. जगात कुठेही कुणी टॅब दाबली की मी तिथे हजर होत असे आणि माझ्यामुळे एखाद्या बटणाला त्याचे नाव मिळत असे.

मग एक दिवस परदेशातल्या एका कंपनीचे पत्र आले. त्यांना मी विकत हवी होते. नम्रता आधी हरखली. मग तिला प्रश्न पडला की फुकट मिळणारी वस्तू हे लोक विकत का घेतात. माझ्यासारखे साधन तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानात शिरते, हे मी मघाशी सांगितले. म्हणजे तुमचा निकाल, तुमची पत्रे, तुमच्या आजोबांचे बँकेचे खाते, सगळे माझ्यासमोर उघडे असते. मी तिकडे पाहत नसे, कारण नम्रताने मला ते शिकवलेच नव्हते. पण नवा मालक शिकवू शकला असता. तुम्ही घेऊन काय करणार, असे तिने त्यांना विचारले. त्यावर पानभर गोड उत्तर आले आणि त्यात उत्तर नव्हते. नम्रताने नकार कळवला. माझ्यासारखी दुसरी कितीतरी साधने मात्र अशीच विकली गेली, आणि लोकांच्या घरात शिरून हेरगिरी करू लागली.

यातूनच पुढचे संकट आले. ब्राउझर बनवणाऱ्यांनी जाहीर केले की साधने जोडण्याची जुनी पद्धत बंद होणार. यापुढे नवे नियम, नवी रचना. ठरलेल्या दिवसानंतर जुन्या पद्धतीचे एकही साधन चालणार नाही.

वेबसाइट बनवणाऱ्यांच्या जगात एकच गलका उडाला. कुणी म्हणाले की आजपासून हा ब्राउझर सोडला. कुणी रागारागाने आपली साधने त्या दिवसाआधीच काढून घेतली. कुणी म्हणाले, बरे झाले, जुना कचरा गेला. काहींनी माझ्या पानावर येऊन मला निरोप दिला, एकाने तर फुलांचे चित्र टाकले. नम्रता चिडली. चोरी दुसऱ्यांनी केली आणि घर आपले पाडले, असे तिला वाटले. "काय करून राहिले हे लोक!" ती म्हणाली, आणि दोन दिवस कुणी तिच्या वाटेला गेले नाही.

राग ओसरल्यावर मात्र ती हिशेब करू लागली. मला नव्या पद्धतीत बसवायचे तर पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागणार होते. आता ती ऑफिसची प्रमुख होती, घरी लहान मुलगी होती, हाताखाली नवी मंडळी होती. आणि ब्राउझरने आता स्वतःच एक तपासनीस दिला होता. एक बटण दाबले की तो सगळे पान तपासे आणि शंभरपैकी मार्क देई. नम्रताने ठरवले की आता मला जाऊ द्यावे. अक्षताला तिने तसे सांगितले. अक्षता एवढेच म्हणाली, "तुमची आहे, ताई. तुम्ही ठरवा."

ठरलेला दिवस आला, ब्राउझर बदलला आणि मी कोपऱ्यात करड्या रंगाची होऊन पडले. माझ्यापुढे लिहिलेले होते: जुने, बंद. मी सगळे पाहत होते, पण मला उठता येत नव्हते.

उंदीर कोंडण्याची रीत चालू होती. पण मित्रांनो, तिच्यातला जीव गेला होता. आता सगळ्यांकडे लॅपटॉप आले होते आणि लॅपटॉपला बोट फिरवायची एक पाटी असते. उंदीर डब्यात जात, झाकण लागे आणि सगळ्यांची बोटे खुशाल त्या पाटीवर फिरत. कुणाला त्यात काही चुकते आहे असे वाटतही नसे. सगळे मन लावून रीत पाळत होते. ती कशासाठी घातली होती, हे मात्र विसरले होते.

अशात एका संस्थेचे काम आले. दूरदूरच्या गावांतल्या मुलांना ती संस्था शिष्यवृत्ती देत असे आणि आता अर्ज इंटरनेटवरून घेणार होती. अर्ज करणाऱ्यांत दृष्टिहीन मुलेही होती. साइट केली अभिनवने. तो नवा, हुशार आणि मनाने सरळ मुलगा. सोमवारी अर्ज सुरू व्हायचे होते. मधे सुट्टी असल्याने शुक्रवारीच सकाळी उंदीर कोंडले गेले. तपासनिसाने शंभरपैकी शंभर दिले आणि अभिनवने सगळ्यांना पेढे वाटले.

अक्षता तिच्या टेबलावर ऐकत होती. ती म्हणाली की साइट अशी उघडता येणार नाही. अर्ज उघडला की सूचनांची एक पेटी समोर येते, तिच्यातले 'मान्य' हे बटण दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि त्या बटणापर्यंत तिला पोहोचताच येत नाही. ती पेटीच्या मागे मागेच फिरत राहते.

अभिनव म्हणाला, "पण मॅम, स्कोअर फुल आहे. हंड्रेड. टूल कशाला खोटं बोलेल?"

अक्षताने नम्रताकडे तोंड वळवले. नम्रता शंभराचा आकडा पाहत होती. ती म्हणाली की तपासनिसाला काही सापडत नाही, कदाचित अक्षताचा प्रोग्रॅमच कुठेतरी अडकत असेल, एकदा संगणक बंद करून चालू करून बघ.

फार वर्षांपूर्वी याच खोलीत हीच शंका घेतली गेली होती आणि ते दोघींनाही आठवले असावे.

अक्षता सावकाश बोलली. "ताई, मी कॉलेजला गेले तेव्हा माझा अर्ज शेजारच्या काकांनी भरला. त्यांनी मायेनं भरला, पण विषय चुकला. माझं एक वर्ष गेलं. सोमवारी या मुलांनाही कुणी काका शोधावे लागतील. पूर्वी तुम्ही बघायचात. आता तुम्ही मार्क बघता."

अक्षता उठली आणि हाताने चाचपत डब्यापाशी गेली. तिने झाकण काढले आणि ते घेऊन अभिनवच्या टेबलापाशी आली. त्याच्या लॅपटॉपवरची बोट फिरवायची पाटी तिने हाताने शोधली आणि तिच्यावर ते पत्र्याचे झाकण ठेवले.

"आता भर अर्ज," ती म्हणाली.

अभिनवला गंमत वाटली. त्याने अर्ज उघडला, सूचनांची पेटी आली. त्याने टॅब दाबली. काही झाल्यासारखे दिसले नाही. पुन्हा दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. पेटी तशीच समोर उभी. वाकडी दिसते म्हणून ती बारीक रेघ त्याने स्वतःच पुसलेली होती. त्याचे बोट सवयीने खाली गेले आणि पत्र्यावर वाजले. कुणीतरी हसले. अभिनव हसला नाही. त्याने एन्टर दाबली, तर भलतेच पान उघडले. परत आला, पुन्हा सुरुवात केली. त्याचे कान लाल झाले. शेवटी तो हात मागे घेऊन म्हणाला, "मी आत्ता आहे कुठे?"

"मीही तेच विचारत होते," अक्षता म्हणाली.

दत्तप्रसादसर आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. ते आता थकले होते, रोज येतही नसत. त्यांनी झाकणाकडे पाहिले, शंभराच्या आकड्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मुलाला मार्क भरपूर आहेत. फक्त घराबाहेर पडता येत नाही." मग आत जाऊन त्यांनी संस्थेला फोन केला की अर्ज सोमवारी सुरू होणार नाहीत. पलीकडचे लोक पुष्कळ बोलले. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि एका वेळीही अक्षताचे नाव सांगितले नाही. कंपनीची चूक आहे, एवढेच ते म्हणत राहिले.

त्या तपासनिसाला मी नावे ठेवत नाही. बटणाला नाव आहे का, अक्षरे पुरेशी गडद आहेत का, हे तो झटकन सांगतो, आणि ते खरेच असते. पण तो पानावर चालत नाही. वाट कुठे अडते हे कळायला चालावेच लागते. अभिनवने पेटी सुंदर केली होती, तिच्या आत कीबोर्डने शिरायला दारच ठेवले नव्हते.

नम्रता त्याच दुपारी अक्षताशेजारी खुर्ची ओढून बसली. माझे जुने लिखाण तिने उघडले आणि मला नव्याने लिहू लागली. अभिनव न सांगता मदतीला आला. काम करता करता तिला नवे नियम पहिल्यांदाच नीट वाचावे लागले. पूर्वी मी न विचारता प्रत्येक पानात शिरत असे. आता तसे चालणार नव्हते. माणसाने मला बोलावायचे, मगच मी यायचे, आणि तेही फक्त त्याच्या समोरच्या एका पानात. नम्रताला आधी हा माझा अपमान वाटला. इतकी वर्षे इमानाने वागलेल्या साधनाला दारात थांबवायचे म्हणजे काय, असे ती म्हणाली.

अक्षता म्हणाली, "ताई, ओळखीच्या घरी जातानासुद्धा आपण बाहेरून हाक मारतोच की."

नम्रताने यावर थोडा विचार केला, आणि तिला ते परदेशी कंपनीचे गोड पत्र आठवले. मग तिने तो नियम मनापासून लिहिला. मलाही तो पटला. मित्रांनो, मी आता न बोलावता कुठेही जात नाही, आणि याचा मला जुन्या दिवसांपेक्षा जास्त अभिमान आहे.

मंगळवारी मी पुन्हा डोळे उघडले. पहिली टॅब अभिनवने दाबली. मी पेटीच्या मागे उमटले आणि सगळ्यांना दिसले की वाट कशी भलतीकडे जाते आहे. अभिनवने पेटीला दार केले, पुसलेली रेघ परत काढली. पुन्हा टॅब दाबली. आता मी पेटीच्या आत होते, 'मान्य' या बटणाभोवती, झेंडूसारखी पिवळी. त्याने ते बटण अक्षताला ऐकवले. ती शेवटपर्यंत अर्ज चालून आली आणि म्हणाली, "आता उघडा."

अर्ज गुरुवारी सुरू झाले. काही दिवसांनी संस्थेकडून निरोप आला की दृष्टिहीन मुलांपैकी पुष्कळांनी आपले अर्ज स्वतःच्या हाताने भरले आहेत, असे यापूर्वी कधी झाले नव्हते. अक्षताने तो निरोप आपल्या प्रोग्रॅमकडून वाचून घेतला. या वेळी मात्र तिने त्याचा वेग कमी केला होता आणि हेडफोनही काढून ठेवला होता, सगळ्यांना ऐकू यावे म्हणून.

मी आता पुन्हा जगभर फिरते. ब्राझीलचे शिक्षक परत आले, सोलापूरची मुले तर आता स्वतः शिकवू लागली आहेत. आमच्या ऑफिसात रीत अजून आहे, पण तिच्यात एक भर पडली आहे. उंदीर डब्यात जातात आणि झाकण लॅपटॉपवर ठेवतात. झाकण एकच असल्यामुळे ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरते, आणि ज्याच्याकडे ते येते त्याच्याभोवती बाकीचे गोळा होतात. अभिनव आता नव्या मुलांना ते स्वतः नेऊन देतो.

मित्रांनो, तुमच्यातले काहीजण उद्या वेबसाइट बनवतील, काहीजण घरे बांधतील, रस्ते करतील, पुस्तके छापतील. तुम्ही जे कराल त्याला मार्क मिळोत, पेढेही वाटा. पण ते जगाला देण्याआधी एकदा तुमच्या सवयीची वस्तू डब्यात कोंडा आणि दुसऱ्याच्या वाटेने ते चालून पाहा. अडलात तर लाजू नका. अडलेली जागा सापडली, हे चांगलेच झाले. आणि तुमच्याकडे माझ्यासारखे एखादे जुने साधन पडून असेल, तर ते टाकण्याआधी ते कुणाच्या उपयोगी पडत होते, एवढे जरूर विचारा.

आत्ताच शनिवार पेठेत एका नव्या मुलाने मला बोलावले आहे. नवी साइट दिसते, उद्या उघडायची असणार. पहिल्याच बटणावर मी लाल आहे, पाटी कोरी आहे. पत्र्यावर बोट वाजले. आता तो मुलगा थांबला आहे, वाकून पाहतो आहे, आणि त्या बटणाचे नाव लिहू लागला आहे.